फरशी घासायची की उखडायची? कर्ज मागण्याआधी करायचा हिशेब

(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या बोलण्याचा मजकूर)



या महिन्यात घरदुरुस्तीसाठी जे कर्जाचे अर्ज आले, त्यातल्या बऱ्याच अर्जांवर एकच कारण आहे, 'फरशी बदलणे'. रक्कम कुणाची तीस हजार, कुणाची चाळीस. मी अर्ज वाचले आणि दोन-तीन घरी जाऊन फरशीही बघून आले. सगळ्यांच्या घरी जुनी शहाबादी आहे. मळलेली, कुठे खरबरीत झालेली, सांध्यातला माल निघालेली. पण दगड शाबूत आहे, बरं का! म्हणून म्हटलं, आज बचतीच्या नोंदी झाल्या की यावरच बोलू.

आपल्याकडे शहाबादी जास्त दिसते, कारण खाण जवळ. सोलापूरहून रेल्वेनं कलबुर्गी ओलांडली की पुढे शहाबाद लागतं, तिथला हा दगड. हा चुनखडीचा दगड आहे. राजस्थानातून येणारा कोटा आणि आंध्रातला काळा कडप्पा हेही त्याच जातीचे. हा दगड वरून खालपर्यंत एकसारखा असतो. वरचा पापुद्रा खराब झाला तर मशीननं घासून खालचा नवा दगड वर काढता येतो. मोझॅकची लादी असेल तर तिलाही चालतं, कारण तिच्या वरच्या थरात संगमरवराची खडी आणि सिमेंट असतं. पण चकचकीत सिरॅमिक टाइल्स घासता येत नाहीत. त्यांचा रंग आणि चकाकी वरच्या पातळ थरात असते, तो गेला की संपलं. म्हणून 'तुमच्या टाइल्सना पॉलिश मारून देतो' असं कुणी दारात येऊन म्हणालं तर आधी विचारा, कशाला मारणार?

मागे एका ताईंनी विचारलं होतं, पुण्यात त्यांची मुलगी कामाला जाते त्या घरी लाकडी फरशी आहे, तिचं काय? तिथेही हाच नियम. खरी सागवानी फळी असेल तर ती घासून पुन्हा पॉलिश करता येते, आणि किती वेळा ते फळीच्या जाडीवर ठरतं. पण नुसता लाकडाचा छाप असलेला लॅमिनेटचा पत्रा असेल तर तो घासला की छापच निघून जातो.

आता खर्चाकडे वळू. कारागीर येतो, उंबऱ्यातूनच बघतो आणि म्हणतो, 'पंचवीस रुपये फूट.' आपण खोली मोजतो, गुणाकार करतो आणि तेवढेच पैसे धरून बसतो. तिथेच घोटाळा होतो. फुटाचा दर हा खर्चाचा एक भाग आहे, सगळा खर्च नाही.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचा दर वेगळा असेल. बारा बाय दहाची खोली म्हणजे 120 फूट, दहा बाय आठचं स्वयंपाकघर 80 फूट. एकूण 200 फूट, म्हणजे कारागिराच्या भाषेत दोन ब्रास. पंचवीस रुपयांनी 5000 झाले. आता भिंतीच्या कडेची पट्टी. मोठं मशीन भिंतीला टेकत नाही, कडा आणि कोपरे हातमशीननं घासावे लागतात आणि त्याचा दर रनिंग फुटावर असतो. दोन्ही खोल्यांचा घेर 80 फूट, बारा रुपयांनी 960. हलणाऱ्या फरश्या काढून परत बसवायच्या, 1500. सांधे भरायचे, 800. मशीनची ने-आण, 1000. बेरीज करा, 9260. म्हणजे पंचवीसचा फूट शेहेचाळीसच्या वर गेला. यात कुणी फसवलं असं नाही. आपण विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

दर कमी-जास्त का होतो, तेही समजून घ्या. सगळ्यात मोठं कारण म्हणजे फरशीची आत्ताची अवस्था. जुनी शहाबादी नुसती फोडून बसवलेली असते, एक दगड वर, एक खाली. ती एका पातळीत आणायला पहिलं घासणंच फार चालतं. मशीनला जे दगड लावतात त्यांना नंबर असतात. 60 चा जाड, मग 120, 220, 320, 400 असे बारीक होत जातात. आकडा वाढेल तशी फरशी गुळगुळीत होते. कुणी चार नंबर फिरवतो, कुणी दोनच फिरवून वर मेण मारतो. मेणाची चमक पहिल्या दिवशी झकास दिसते, पण पुसता पुसता निघून जाते. म्हणून दोघांचे दर लावून बघताना आधी हे विचारा, किती नंबरपर्यंत घासणार?

दुसरं, पोकळ फरश्या. काठीनं किंवा नाण्यानं प्रत्येक फरशी ठोकून बघा. बद्द आवाज आला तर खालचा माल सुटलाय. अशा फरशीवर जड मशीन फिरलं तर ती हलते, कधी तडकते. म्हणून ती आधी बसवून घ्यायची आणि माल वाळायला वेळ द्यायचा. तुम्ही स्वतः ठोकून खडूनं फुल्या मारून ठेवल्या तर नेमका आकडा तुमच्या हातात राहतो.

तिसरं, ओल. याबाबत मी जरा कडकच बोलणार आहे. भिंतीच्या कडेला पांढरा क्षार फुटत असेल तर पॉलिशवर एक रुपया घालू नका. आधी ओल कुठून येते ते शोधा. मोरीचं पाणी मुरतंय का, पन्हाळीचं पाणी पायाशी पडतंय का. रात्री फरशीवर प्लास्टिकचा कागद पसरून चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उचला. खाली थेंब दिसले तर जमिनीतून ओल येतेय. अशा जमिनीत नवीन टाइल्सही टिकत नाहीत.

मग लाइट आणि पाणी. काही मोठी मशीनं थ्री फेजवर चालतात आणि आपल्या घरी सिंगल फेज. मग जनरेटर आणा, नाहीतर लहान मशीननं दोन दिवसांचं काम चार दिवस करा. वीज कुणाच्या मीटरवर, पाणी कुणाचं, हे आधी ठरवा. फरशी घासताना सारखं पाणी मारावं लागतं, आणि उन्हाळ्यात टँकर घेणाऱ्या गावाला ते परवडत नाही. पाणी वाचवायला कोरडं घासू देऊ नका. तो धुरळा छातीत बसतो, कामगाराच्याही आणि घरातल्या लेकरांच्याही. आणि घासून निघालेला चिखल मोरीत ओतू नका. तो तळाशी बसून दगडासारखा घट्ट होतो आणि नळी तुंबवतो. पाटीत भरून बाहेर टाकायचा. ते कोण करणार? तेही विचारायचं.

घर रिकामं करणं हे काम तर कुणी हिशेबात धरतच नाही. कणगी, दिवाण, कपाट, गॅस सगळं बाहेर. एकेक खोली करायची म्हटलं तर मशीन दोनदा आणावं लागतं, भाडंही दोनदा. त्यापेक्षा एका आळीतल्या चार-पाच घरांनी मिळून मशीन बोलवा. ने-आण वाटली जाते आणि काम मोठं दिसलं की दरही खाली येतो. दिवाळीच्या तोंडावर मात्र बोलवू नका, तेव्हा कारागीर कुणाचंच ऐकत नाही.

चमक किती हवी, हाही पैशाचाच प्रश्न आहे. आरशासारखी हवी तर जास्त नंबर, जास्त मजुरी. पण पाणी सांडतं तिथे, म्हणजे मोरीजवळ, न्हाणीत, पाण्याच्या पिंपाशी, अशी फरशी करूच नका. घरात सासूबाई आहेत, कुणी गरोदर आहे, पाय घसरला की दवाखान्याचं बिल फरशीपेक्षा मोठं येतं. तिथली फरशी थोडी खरबरीत असलेलीच बरी.

उखडून टाइल्स घालायच्याच असतील तर घाला, माझी ना नाही. दगड भुगा झालाय, अर्ध्या फरश्या फुटल्यात, तर घासण्यात अर्थ नाही. पण त्या खर्चात काय काय येतं ते मोजा. जुनी फरशी काढण्याची मजुरी, राडारोडा उचलणं, खाली खचलं असेल तर मुरूम आणि कोबा, मग वाळू, सिमेंट, टाइल्स, त्यातली फुटतूट आणि बसवण्याची मजुरी. जुन्यावरच टाइल्स बसवल्या तर जमीन उचलली जाते, दारं घासायला लागतात, सुतार वेगळा.

आता कर्जाची बाजू. आपल्या गटाचं व्याज महिन्याला शेकडा एक, उरलेल्या मुद्दलावर. दहा हजार घेऊन महिन्याला एक हजार मुद्दल फेडलं तर दहा महिन्यांत व्याज होतं 550 रुपये. चाळीस हजार घेऊन महिन्याला दोन हजार फेडले तर वीस महिने लागतात आणि व्याज 4200. आणि त्या वीस महिन्यांत शेळी, शिलाई मशीन, मुलीची फी यासाठी अर्ज करायला जागा उरत नाही, हे व्याजापेक्षा जड आहे.

एक जरा टोचणारं बोलते. कर्ज तुमच्या नावावर, सही तुमची, हप्ता तुमच्या मजुरीतून. मग कारागिराशी बोलायला फक्त घरातले पुरुषच का पुढे असतात? बोलू द्या त्यांना, पण तुम्ही टेप धरून बाजूला उभ्या राहा. दर, नंबर, कडा, सांधे, भाडं, चिखल उचलणं, सगळं एका कागदावर लिहून घ्या आणि खाली त्याची सही. अर्धे पैसे आधी मागितले तर देऊ नका. मशीन दारात आल्यावर थोडे, बाकीचे फरशी वाळल्यावर, उजेडात बघून.

काम झाल्यावर सांभाळायचं कसं? शेवटी चकाकीसाठी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पावडर वापरतात. ती विषारी असते. कामाच्या दिवशी पोरांना लांब ठेवा आणि उरलेली पुडी घरात ठेवू नका. नंतर चुनखडीच्या दगडावर लिंबू, चिंच, ताक सांडलं तर लगेच पुसा, नाहीतर पांढरट डाग राहतो. संडासचं अ‍ॅसिड तर त्यावर कधीच टाकायचं नाही. साधं पाणी आणि थोडा साबण पुरतो.

ज्यांचे अर्ज आलेत त्यांच्यासाठी मी टेप आणि खडू आणलाय. पुढच्या बैठकीआधी घरी मोजून, फरश्या ठोकून, दोन कारागिरांचे लेखी दर घेऊन या. अर्जातली रक्कम बदलायची असेल तर सचिव ताईंकडे तेव्हा बदलून मिळेल.