काँक्रीटची मंद हालचाल



काँक्रीट एकदा घट्ट झाले की त्याचा दगड झाला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. बांधकामाच्या धंद्यात पडलो तेव्हा आम्हीही काहीसे तसेच समजत होतो. ती समजूत आम्हाला महाग पडली. म्हणून आज तिच्याबद्दलच बोलावयाचे आहे.

घट्ट झालेले काँक्रीट दोन तऱ्हांनी हालत असते. पहिली तऱ्हा आकुंचनाची. आतले जादा पाणी उडून जाते तसे ते आखडते. दहा मीटरांची तुळई काही वर्षांत सुमारे तीन मिलिमीटर आखूड होते. दुसरी तऱ्हा विसर्पणाची. हिलाच क्रीप म्हणतात. फळीवर जड पोथ्या रचल्या की फळी लगेच थोडी वाकते, आणि वजन न वाढताही पुढे वर्षानुवर्षे वाकत राहते. काँक्रीटचेही तसेच आहे. पहिल्या दिवशी ते भाराखाली जेवढे दबते, त्याच्या दुपटीने ते पुढे हळूहळू दबू शकते.

फ्रान्समधील इंजिनिअर युजेन फ्रेसिने यांनी 1911 च्या सुमारास अलिए नदीवर कमानींचा पूल बांधला. काही काळाने कमानींचे माथे खाली बसू लागले. त्यांनी जॅक लावून ते पुन्हा उचलले आणि पूल वाचविला. पुढे 1928 मध्ये त्यांनी पूर्वताणित काँक्रीटचे पेटंट घेतले. त्यात अतिशय कणखर पोलाद हवे, हा त्यांचा आग्रह होता. काँक्रीट आखडून दबल्यावरही तारांत पुरेसा ताण उरला पाहिजे ना!

हालचाल झाली म्हणून बिघडत नाही. ती अडविली म्हणजे बिघडते. कच्ची वीट वाळू पसरलेल्या जमिनीवर सुखाने वाळते. शेतातली काळी माती मात्र खालच्या थराला धरून असते, म्हणून उन्हाळ्यात तिला भेगा पडतात.

एका सभागृहाच्या कामी आम्ही कारखान्यात ओतलेल्या तुळया खांबांच्या ब्रॅकेटांवर बसविल्या आणि दोन्ही टोके वेल्डिंग करून पक्की केली. काम भक्कम व्हावे हाच हेतू. दुसऱ्या उन्हाळ्यात टेकूंपाशी तिरक्या भेगा दिसल्या. मग आम्ही हिशेब मांडला. तीन मिलिमीटर आखडणे पूर्ण अडविले, तर काँक्रीटला सोसवेल त्याच्या सुमारे तिप्पट ताण येतो. इथे विसर्पण मित्रासारखे धावून येते. ते हळूहळू सैल देऊन हा ताण निम्म्याहून खाली आणते. पण उरलेला ताणही भेग पाडावयास पुरतो. शेवटी आम्ही एकेक टोक मोकळे केले, खाली रबराची गादी घातली आणि भेगा बुजविल्या. खर्च अर्थातच आमच्या खिशातून गेला.

पुलांवर हेच विसर्पण उलटते. पूर्वताणित तुळईच्या खालच्या अंगाला तारांचा दाब असतो. त्यामुळे ती दिवसेंदिवस वर फुगू पाहते. दोन तुळया खांबावर काँक्रीट ओतून सांधल्या, की त्यांची टोके वळू शकत नाहीत आणि सांध्याच्या तळाशी भेग पडते. यावर साधा उपाय म्हणजे थांबणे. सांधण्यापूर्वी तुळई निदान 90 दिवसांची झाली असेल, तर या अडवणुकीचा वेगळा हिशेब मांडण्याची सक्ती अमेरिकेतील पूलसंहिता करीत नाही. तोवर हालचालीचा मोठा भाग होऊन गेलेला असतो.

उद्घाटनाची तारीख आधी ठरते आणि तुळईचे वय कोणी विचारीत नाही, हे आपण सर्वजण पाहतो. आपल्या गावात शाळा किंवा पूल उभा राहत असेल, तर दोनच प्रश्न विचारा: तुळया कधी ओतल्या, आणि त्यांचे कोणते टोक मोकळे ठेवले आहे? आम्हाला हे प्रश्न वेळेवर कोणी विचारले असते, तर त्या सभागृहाला भेगा पडल्या नसत्या.