आपल्या वस्तीची मोजदाद



संकट सांगून येत नाही, असे आपण म्हणतो. परंतु ते आल्यावर कोणाचे किती जाईल, हे पुष्कळदा आधीच ठरलेले असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यांना मारले ते मुख्यतः त्यांच्याच घरांनी. जाड दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद! हलक्या छपराखाली निजलेले अनेक गरीब लोक त्या रात्री वाचले.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे की, एखाद्या दिवशी वही घेऊन आपल्याच वस्तीत हिंडावे. प्रथम पाणी पाहावे. वैशाखात कोणत्या विहिरीस पाणी राहते? ती कोणाच्या नावावर आहे, आणि अडचणीच्या दिवशी तेथे आपली घागर बुडू दिली जाईल काय? हा प्रश्न आपणांस नवा नाही. ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याच महाडात जुलै २०२१ मध्ये सावित्रीचा पूर शिरला. पुरात चहूकडे पाणी असते. पिण्यास मात्र थेंब मिळत नाही. चाळीस घरांच्या वस्तीत दोनशे माणसे धरली, तर माणशी पंधरा लिटरप्रमाणे दिवसाला तीन हजार लिटर पाणी लागते, म्हणजे दोनशे लिटरची पंधरा पिंपे. आपल्याकडे झाकणाची किती आहेत?

धान्याचा हिशेब सोपा आहे. माणशी रोज चारशे ग्रॅम धरल्यास पंधरा दिवसांस बारा क्विंटल, म्हणजे घरटी तीस किलो. सुगीत थोडे थोडे बाजूस काढले तर हे अशक्य नाही. ज्यांचे पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्यांच्याकडून मात्र सारखा वाटा मागू नये.

मग जागा पाहावी. आपली वस्ती बहुधा गावाच्या कडेला, ओढ्यालगत किंवा सखल भागी का आहे, हे मी आपणांस सांगावयास नको. मागील पुराची खूण वयोवृद्ध मातांना विचारा. भिंतीवर ती कोठे होती, हे त्या बोटाने दाखवतील. उंचावरची शाळा किंवा समाजमंदिर रात्री कोण उघडील, किल्ली कोणाकडे आहे, आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना तेथे कोण उचलून नेईल, हेही नावानिशी लिहावे.

स्वावलंबन म्हणजे सरकारला मोकळे सोडणे नव्हे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम ६१ सांगते की, भरपाई व मदत देताना लिंग, जात, समाज, वंश अथवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. मदतीची गाडी वेशीवरच रिकामी झाली, तर हे कलम तोंडपाठ असलेला एक तरी तरुण तेथे उभा हवा.

वहीची एक प्रत घरी ठेवावी. दुसरी ग्रामपंचायतीत द्यावी आणि तिची पोच, सही-शिक्क्यानिशी, मागून घ्यावी.