जवानाची ऊब, समाजाचे दायित्व

१३ एप्रिल १९८४ रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झाले. तेव्हापासून सियाचीनवर आपले जवान अखंड पहारा देत आहेत. तेथे पारा शून्याखाली ५० अंशांपर्यंत उतरतो. पिसे भरलेली स्लीपिंग बॅग स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. पिसांत अडकलेली हवा जवानाच्याच देहाची ऊब राखते. घामाने, श्वासाच्या बाष्पाने पिसे ओलावली की ती एकमेकांस चिकटतात आणि ऊब सरते. म्हणून बॅग नित्य झटकावी, वाळवावी, साठवताना दाबून न बांधता सैल ठेवावी. ही निगा जवान राखतो. परंतु जुन्या नमुन्याच्या बॅगा खरेदी झाल्याचे महालेखापरीक्षकांच्या, २०२० साली संसदेत मांडलेल्या अहवालात नमूद आहे. त्याचा जाब विचारणे हे मात्र आपले कर्तव्य होय.