इंग्रजीतील साहाय्यक क्रियापदे आणि आपली मराठी



वसंत ऋतूतील व्याख्यानाला व्याकरणाचा विषय म्हणजे ऐन आंब्याच्या दिवसांत पानात कडू कारल्याची भाजी, असे कोणाला वाटले तर आम्ही त्याला दोष देणार नाही. परंतु आजचा विषय पुस्तकातला कमी आणि व्यवहारातला अधिक आहे. संगमेश्वराहून मुंबईस गेलेला मुलगा साहेबाकडे रजेचा अर्ज करतो. औषधाच्या खोक्यात एक चिठ्ठी निघते. सहीसाठी एखादे करारपत्र पुढे येते. या सर्व ठिकाणी इंग्रजी वाक्याचा भार नऊदहा इवल्याशा शब्दांवर असतो. कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शॅल, शुड, विल, वुड हे ते शब्द होत. काय घडते, एवढेच हे शब्द सांगत नाहीत. घडण्याला मोकळीक आहे, सक्ती आहे, शक्ती आहे की नुसताच अंदाज आहे, हे ते सांगतात. म्हणून त्यांचा अर्थ चुकला की वाक्य दिसायला शुद्ध राहते आणि व्यवहार मात्र बिघडतो.

हे शब्द परके असले तरी त्यांतील भाव परके नाहीत. केशवसुतांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली प्रसिद्ध झाले. मालगुंडच्या या घराण्याने आपल्या रत्नागिरी जिल्ह्याला एक कवी दिला आणि एक वैयाकरणही दिला. मराठी व्याकरणात क्रियापदाच्या रूपांचे जे अर्थ सांगतात त्यांत 'विध्यर्थ' हा एक आहे. 'मुलांनी वडिलांचे ऐकावे' यात कर्तव्य आहे. 'देवाने सर्वांना सुखी ठेवावे' यात इच्छा आहे. 'एवढ्यात गाडी यावी' यात संभव आहे. 'गावे तर त्यानेच' यात योग्यता आहे. रूप एकच, भाव चार! तेव्हा इंग्रजीत 'मे' या एकाच शब्दात परवानगी, संभव आणि आशीर्वाद कसे मावतात, याचे आपण तरी नवल करू नये.

प्रथम 'कॅन' घेऊ. शाळेत आपण 'कॅन म्हणजे शकणे' असे पाठ करतो आणि तेथेच थांबतो. वास्तविक मराठी या बाबतीत इंग्रजीहून श्रीमंत आहे. 'मला पोहता येते' यात शिकून मिळवलेली विद्या आहे. 'मी आज पोहू शकतो, कारण पाणी उतरले आहे' यात परिस्थितीची अनुकूलता आहे. 'आजोबांना आता घाटी चढवत नाही' यात देहाची ताकद आहे. इंग्रज तिन्ही ठिकाणी 'कॅन' म्हणून मोकळा होतो. या शब्दाचा मूळ अर्थ 'जाणणे' असा होता. त्याचे आजचे वर्तमानकाळी रूप मुळात भूतकाळाच्या घडणीचे आहे. आपण 'मला कळले' म्हणतो तेव्हा रूप भूतकाळाचे असते, पण आता ठाऊक आहे असा अर्थ असतो, तसेच हे आहे. भूतकाळाच्या रूपाला 'स' लागत नाही. म्हणून 'ही गोज' म्हणतात तरी 'ही कॅन्स' कोणी म्हणत नाही. ज्या नियमासाठी मुलांनी छड्या खाल्ल्या, त्याचे कारण एवढेच आहे.

आता पावसाकडे वळू, कारण कोकणच्या माणसाला अंदाजाची भाषा शिकवावी लागत नाही. मृगाच्या तोंडावर शास्त्री नदीच्या काठी उभा राहून कोणी 'पडेल पाऊस' म्हणतो, कोणी 'पडेल बहुतेक' म्हणतो, तर कोणी 'आज पडणारच' म्हणून छत्री काढतो. 'पडेल' आणि 'पडणार' दोन्ही भविष्यकाळच. परंतु पहिल्यात अंदाज आहे, दुसऱ्यात भरवसा आहे. इंग्रजीत हाच जिना 'माइट', 'मे' आणि 'विल' अशा पायऱ्यांनी चढतो. घडून गेलेल्या गोष्टीबद्दलही तसेच. गाडीला आलेल्या पाहुण्याचा फलाटावर पत्ता नाही. 'तो घरी गेला असेल' म्हणजे 'मे हॅव गॉन', आणि त्याची पिशवी घराच्या ओटीवर दिसली की 'गेलाच असणार' म्हणजे 'मस्ट हॅव गॉन'. येथे 'मस्ट' सक्तीचा नाही, अनुमानाचा आहे. आपणही 'एव्हाना तो पोहोचला असला पाहिजे' असे म्हणतोच. त्या 'पाहिजे'त कोणाला कसली सक्ती असते?

खरा धोका नकारात आहे, आणि येथे आम्ही थोडे थांबणार आहोत. 'गोळी घ्यायला पाहिजे' याचा नकार आपण 'गोळी घ्यायला नको' असा करतो. या 'नको'चे दोन अर्थ होतात. 'आता काळजी करायला नको' म्हणजे काळजीचे कारण उरले नाही. 'त्या वाटेने जायला नको' म्हणजे जाऊच नये. आपण स्वरावरून आणि प्रसंगावरून ते ओळखतो. इंग्रजीत मात्र या दोहोंना स्वतंत्र घरे आहेत. 'यू नीड नॉट टेक इट' किंवा 'यू डोंट हॅव टू' म्हणजे घेतली नाही तरी चालेल. 'यू मस्ट नॉट टेक इट' म्हणजे घेता कामा नये. एका वाक्यात मोकळीक, दुसऱ्यात बंदी. 'मस्ट' म्हणजे पाहिजे आणि 'मस्ट नॉट' म्हणजे नको, एवढेच पाठ केलेल्या माणसाच्या हाती औषधाची चिठ्ठी पडली, तर तो बंदीला मोकळीक समजेल. त्याचे फळ परीक्षेतल्या गुणांत मोजता येणार नाही. म्हणून आमची सूचना अशी की, अशा ठिकाणी 'नको' हा शब्दच मनातून काढावा आणि 'चालेल' की 'कामा नये' असा प्रश्न स्वतःला विचारावा.

दुसरे क्षेत्र आदराचे. मराठीत तू, तुम्ही आणि आपण अशा तीन पायऱ्या आहेत; तेवढ्यावर आपला अर्धा विनय साधतो. इंग्रजीतही एकेकाळी 'तू'साठी 'दाउ' होते, पण ते रोजच्या बोलण्यातून गेले आणि राजापासून रंकापर्यंत सर्वांना 'यू' उरले. मग विनय कोठे ठेवायचा? तो या क्रियापदांत ठेवला गेला. 'कुड यू टेल मी', 'वुड यू माइंड' यांतला 'कुड' किंवा 'वुड' हा भूतकाळ नव्हे. बोलणारा अदबीने एक पाऊल मागे सरतो, एवढाच त्याचा अर्थ. हेही आपल्याला नवीन नाही. शेजाऱ्याच्या दारात जाऊन आपण 'तुमच्याकडे एक काम होतं' म्हणतो. काम तर आताच असते. मग 'होतं' कशाला? नडीचा भार समोरच्यावर एकदम पडू नये म्हणून! ही आपली रीत ज्याने ओळखली, त्याला 'कुड' समजावून सांगण्याची गरज नाही.

याच जागी आमचे तरुण अडखळतात. 'मला चार दिवस रजा पाहिजे' हे मनात धरून ते 'यू मस्ट ग्रँट मी लीव्ह' असे लिहितात. साहेबाला तो हुकूम वाटतो. परंतु 'यू मस्ट कम टू द वेडिंग' हे निमंत्रण कोणालाही उद्धट वाटत नाही. आपणही 'लग्नाला आलंच पाहिजे हं!' असा आग्रह करतो. शब्द एकच असता एक उद्धट आणि एक गोड का? कारण पहिल्यात लाभ बोलणाऱ्याचा आहे, दुसऱ्यात पाहुण्याचा मान आहे. सक्ती दुसऱ्याच्या सुखासाठी असली की तिचा आग्रह होतो. रजा मागताना 'मे आय' किंवा 'कुड आय' हेच शोभते.

शेवटचे क्षेत्र कायद्याचे. 'शॅल'चा मूळ अर्थ 'देणे लागणे' असा होता. मराठीतही 'मी त्याचे शंभर रुपये देणे लागतो' आणि 'मला जावे लागते' या दोन वाक्यांत एकच 'लागणे' आहे. ऋण आणि कर्तव्य यांचे नाते दोन्ही भाषांनी ओळखले. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या आपल्या संविधानाचा इंग्रजी पाठ पाहा. संघराज्याची राजभाषा सांगणाऱ्या ३४३व्या अनुच्छेदात 'शॅल' आहे. राज्याच्या विधानमंडळाने आपली भाषा ठरवण्याविषयीच्या ३४५व्या अनुच्छेदात 'मे' आहे. पहिला ठरवून टाकतो, दुसरा अधिकार देतो. त्या 'मे'चा उपयोग करूनच आपल्या राज्याने महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ केला आणि मराठीला राजभाषेचे स्थान दिले. अधिकार नुसता कागदावर असून भागत नाही, तो वापरावा लागतो, हेही त्यात आले. न्यायालये प्रसंग आणि हेतू पाहून क्वचित 'मे'लाही कर्तव्याचा अर्थ देतात, हे खरे. परंतु सही करणाऱ्याने आधी एवढे पाहावे की आपल्या नावापुढे 'शॅल' आहे आणि समोरच्याच्या नावापुढे नुसते 'मे', असे तर नाही ना.

तात्पर्य, इंग्रजी शब्दाला मराठी शब्द चिकटवून हा विषय येत नाही. वाक्य हाती आले की तीन प्रश्न विचारावेत. बांधले कोणाला आहे आणि मोकळे कोणाला सोडले आहे? बोलणाऱ्याची खात्री किती आहे? आणि तो समोरच्याला मान किती देतो आहे? मग ते वाक्य आपल्या घरच्या बोलीत म्हणून पाहावे. 'येते', 'चालेल', 'असणार', 'कामा नये' यांपैकी कोणता शब्द ओठांवर येतो ते पाहावे. ज्याची मराठीची जाण पक्की, त्याला इंग्रजीचे हे दार आतून उघडे आहे. ज्याने आपल्या भाषेचे बारकावे सोडले, त्याला दोन्ही घरे परकी होतील. मुलांना इंग्रजी शिकवण्याची घाई असलेल्या पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे, ही आमची विनंती आहे, हुकूम नव्हे.