सुभेदार रामजींचा वारसा

(सुभेदार रामजी सकपाळ यांच्या स्मृतिदिनी, २ फेब्रुवारी रोजी, बुद्धविहारात दिलेले भाषण)



सुभेदार रामजी सकपाळ हे बाबासाहेबांचे वडील, एवढे आपणांस ठाऊक असते. परंतु ते एक कुटुंबवत्सल गृहस्थ आणि आजोबाही होते. डिसेंबर १९१२ मध्ये नातू यशवंत जन्मास आला आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदारांनी डोळे मिटले. नातवाला मांडीवर घेण्याचे सुख त्यांना दोन महिनेही लाभले नाही. त्या नातवासाठी त्यांनी काय ठेवले? वकिलाच्या भाषेत विचारावयाचे तर, त्यांची मिळकत कोणती?

जमीनजुमला नव्हता, सावकारी नव्हती. लष्करातील नॉर्मल शाळेत ते अनेक वर्षे मुख्याध्यापक होते. कबीरपंथी वळणाचे, निर्व्यसनी आणि शिस्तीचे गृहस्थ. चौदा अपत्ये झाली, त्यांतील थोडीच जगली. पुढे पत्नी भीमाबाईही गेल्या. पण भीमाचे शिक्षण त्यांनी थांबू दिले नाही. मुंबईस परळच्या चाळीत एकच खोली. मुलाला लवकर निजवावे, आपण रात्री दोनपर्यंत जागावे, मग त्याला अभ्यासास उठवून आपण त्याच्या जागी आडवे व्हावे, असा त्यांचा क्रम असे.

आणि भीमाला पुस्तक हवे झाले की सुभेदार आपल्या विवाहित मुलींकडे जात. मंजुळा आणि तुळसा या त्या दोघी. घरी रोकड नसली तर मुलगी अंगावरचा दागिना काढून देई. सुभेदार तो गहाण ठेवीत, पुस्तक आणीत आणि पेन्शन हाती येताच दागिना सोडवून मुलीला परत नेऊन देत.

भगिनींनो, या शेवटच्या गोष्टीकडे लक्ष द्या. मुलीकडून घेतले ते परत केले! 'मुलीचे ते आपलेच' असे म्हणून त्यांनी ते पचविले नाही. १९२३ साली प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ बाबासाहेबांनी मातापित्यांच्या स्मृतीस अर्पण केला. त्या विद्येमागे बहिणींच्या दागिन्यांचाही हातभार होता. आणि मुलींच्या वारसाहक्काची तरतूद असलेले हिंदू कोड बिल रखडले, तेव्हा १९५१ मध्ये याच पुत्राने मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याच्या कारणांत ते एक प्रमुख कारण होते.

आता आपल्या घरांकडे वळू. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क दिला आहे. तरीही आजोबा वारले की दहाव्या-बाराव्याचे कर्मकांड सोडून दिलेली आपली माणसे, त्रिशरण-पंचशील म्हणून झाल्यावर, बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवतात. 'माहेर तुटेल' या भीतीने ती सही करते. एकदा नोंदले गेलेले हक्कसोडपत्र पुढे रद्द करून घेणे किती कठीण जाते, हे मी न्यायालयात पाहतो. धर्म बदलला, वाटणीची वृत्ती मात्र मनूचीच राहिली, असे कोणी म्हटले तर आपण काय उत्तर देणार?

म्हणून माझी विनंती आहे. ज्या घरात आजोबांचा फोटो लावला असेल, तेथे त्या फोटोखाली बहिणीची सही मागू नका. तिला कायदा समजावून सांगा. तिने आपखुशीने काही सोडले, तर तो तिचा निर्णय; परंतु भीती घालून मिळविलेली सही ही लूटच होय. नातीच्या शाळेचा खर्च नातवाच्या खर्चाइतकाच आवश्यक माना.

सुभेदारांनी दागिना परत केला. आपण निदान हक्क तरी परत करू या. जय भीम!