पिशवी फुगते तेव्हा

केज तालुक्यातून बोलतोय. ज्या विषयावर घरातसुद्धा हळू आवाजात बोलतात, त्यावर आज मोकळं बोलू. इलिओस्टॉमी आणि गॅस.

लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढतात, त्यावर पिशवी लागते. ही इलिओस्टॉमी. मलाही आहे. या तोंडाला आवळून धरणारा स्नायू नसतो, म्हणून गॅस रोखता येत नाही. लग्नाच्या पंगतीत येईल, नाहीतर एसटीत मांजरसुंब्याच्या घाटात. त्या धास्तीनं बरेच जण गावाला जायच्या दिवशी उपाशी राहतात. पण रिकामं आतडं जास्तच गुरगुरतं. त्यापेक्षा थोडं थोडं, वेळेवर खा.

गॅसमध्ये गिळलेली हवा बरीच असते. घाईचं जेवण, घास तोंडात असताना गप्पा, स्ट्रॉ, च्युइंगम, सोडा, हे आधी कमी करा. मटकी, हुलगे, कांदा, कोबी यांनीही पिशवी फुगते, पण सगळ्यांना सारखं होत नाही. मला भाकरी चालते, पिठलं फुगवतं. मग प्रवासाच्या सकाळी पिठलं नाही, घरी असलो की थोडं खातो. मोबाईलमध्ये लिहून ठेवा: काय खाल्लं, किती वेळानं फुगली. साधारण दोनेक तासांत कळतं.

पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. रात्री फुगली तरी उठून गॅस सोडायचा, नाहीतर कड सुटते. टाचणीनं भोक पाडू नका. वास आणि गळती दोन्ही सुरू होतात. कोळशाचा फिल्टर असलेली पिशवी मिळते. आंघोळीआधी फिल्टरवर स्टिकर लावा, ओला झाला की तो काम करत नाही. चारचौघांत आवाज आला तर पिशवीवर हलकेच हात दाबा, आवाज दबतो.

आता महत्त्वाचं. आपला जिल्हा ऊसतोडीचा. ऊस चघळा, पण चोथा गिळू नका. हुरडा, मका, शेंगदाणे थोडे आणि बारीक चावून. चार-सहा तास पिशवीत काहीच आलं नाही, पोटात कळा आणि उलट्या असतील, तर तो नुसता गॅस नाही. आतडं अडलेलं असू शकतं. जुलाबाचं औषध घेऊ नका. लगेच मोठ्या दवाखान्यात जा. आपल्याकडे अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेज आहे.

बाकी पिशवीसाठी पंगत सोडू नका. ज्याला गरज आहे त्याला हा भाग पाठवा. पुढच्या भागात बोलू उन्हाळा आणि ओआरएसवर.