मूल घरचं, भार साऱ्यांचा

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. महाराष्ट्रात इतकं प्रमाण दुसऱ्या कुठल्याच जिल्ह्यात नव्हतं. मुलींचं भाग्य फळफळल्याची ही खूण नाही. कामाच्या वयातले पुरुष मुंबई-ठाण्याला गेले आणि बायका गावी राहिल्या, एवढाच तिचा अर्थ. त्या जनगणनेआधीच्या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्याही जवळजवळ पाच टक्क्यांनी घटली. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतो, पैसे पाठवतो, रोज फोनही करतो. पण तापानं फणफणलेलं मूल रात्री खांद्यावर घेऊन घाटीवरच्या वाडीतून खाली रस्त्यापर्यंत उतरायचं असतं तेव्हा घरात आई असते, नाहीतर आजी. मुलाला आहार आणि लस मिळावी म्हणून आपण गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ केलं. मूल वाढवणाऱ्या माणसाला वेळ मिळावा, मदतीला आणखी एखादा हात मिळावा, याची तजवीज मात्र केली नाही. ती करायला हवी, आणि तिचा खर्च एकट्या घरावर किंवा एकट्या मालकावर न टाकता सगळ्यांनी मिळून उचलायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

युरोपातल्या देशांनी ही तजवीज केली ती श्रीमंत झाल्यावर केली, अशी आपली समजूत असते. फिनलंडचं उदाहरण पाहा. १९३० च्या दशकात तिथं जन्मलेल्या हजार बाळांपैकी साठाहून अधिक पहिल्या वर्षातच दगावत होती. तेव्हा, १९३८ मध्ये, गरीब बाळंतिणींना बाळाचे कपडे, दुपटी आणि इतर सामान भरलेली एक पेटी सरकारनं द्यायला सुरुवात केली. १९४४ मध्ये, देश युद्धात पोळत असताना, प्रत्येक नगरपालिकेनं आई-बाळासाठी सल्ला केंद्र चालवलंच पाहिजे असा कायदा झाला. पुढं १९४९ पासून ही पेटी श्रीमंत-गरीब असा भेद न करता सगळ्यांना मिळू लागली. अट एकच, गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत तपासणीला यायचं. ही अट मला फार मोलाची वाटते. पेटीच्या निमित्तानं आई केंद्रात आली, परिचारिकेशी तिची ओळख झाली आणि मूल शाळेत जाईपर्यंत ती टिकली. शिवाय पेटी सगळ्यांनाच मिळत असल्यानं ती घेण्यात कुणाला कमीपणा वाटेनासा झाला. स्वीडननं १९७४ मध्ये बाळंतपणानंतरची पगारी रजा आई आणि बाप दोघांसाठी खुली केली. आज तिथं आईबापांना मिळून ४८० दिवस मिळतात आणि त्यातले प्रत्येकाचे ९० दिवस दुसऱ्याला देता येत नाहीत, म्हणजे बापानं घेतले नाहीत तर ते वाया जातात. नेदरलँड्समध्ये बाळंतीण घरी आली की पहिला आठवडाभर प्रशिक्षित मदतनीस रोज घरी येते. बाळाला अंगावर कसं पाजायचं ते दाखवते, आईच्या प्रकृतीवर लक्ष ठेवते, घरकामालाही हात लावते.

यातला बापाच्या रजेचा मुद्दा आपल्याकडे पुरता लागू पडत नाही, हे मान्य. लालबागच्या नाहीतर नालासोपाऱ्याच्या खोलीत राहून कंत्राटावर राबणाऱ्याला पगारी रजा मुळात नसतेच. केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या बापाला पंधरा दिवस मिळतात. खाजगी नोकरीतल्या बापासाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. म्हणून कोकणात आधी विचार करावा लागतो तो गावी मागं राहिलेल्या बाईचा.

बाळंतपणाच्या रजेचा खर्च कुणी करायचा हा प्रश्न मुंबई इलाख्यात जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी ऐरणीवर आला होता. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आपल्याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे त्यांचं मूळ गाव. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळण्यात साऱ्या राष्ट्राचं हित आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारनं उचलावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ मध्ये कायदा झाला, पण भार मालकावरच राहिला. १९६१ च्या कायद्यात तेच झालं. २०१७ मध्ये रजा २६ आठवड्यांची झाली, तरी पैसे द्यायचे मालकानंच. कामगार विमा योजनेत येणाऱ्यांची सोय वेगळी आहे, पण त्या किती थोड्या! मालकावरचा भार वाढला की बाईला कामावर घेतानाच तो हात आखडता घेतो, आणि आईसाठी केलेला कायदा तिच्याच मुळावर येतो.

पाळणाघरांचीही तीच गत. तीसपेक्षा जास्त बायका असतील तर कारखान्यात पाळणाघर हवं, असं १९४८ चा कारखाना कायदा म्हणायचा. पन्नास कामगारांची आस्थापना असेल तर ते हवं, असं २०१७ च्या दुरुस्तीनं ठरवलं. आता वीस-बावीस बायका असलेलं काजू प्रक्रियेचं एखादं छोटं युनिट डोळ्यांसमोर आणा. यातलं कुठलंच कलम त्याला लागत नाही. काजूच्या टरफलातलं तेल कातडीला लागलं की ती भाजते, काळी पडते; बायका हाताला राख किंवा तेल चोळून कामाला बसतात. त्या हातांनी रांगत्या बाळाला जवळ कसं घ्यायचं? मग बाळाला शाळा बुडवून घरी ठेवलेल्या थोरल्या बहिणीकडे सोपवतात, किंवा बाई कामच सोडते.

या अडचणीवरचा उपाय महाराष्ट्रात फार आधी करून पाहिला गेला आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढं कोसबाडला आदिवासी पाड्यांवर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. कारण अगदी व्यवहाराचं होतं: धाकट्याला सांभाळणारं कुणी असेल तरच थोरली शाळेत बसेल. पुढं २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बाल विकास योजना आली, गावोगाव अंगणवाड्या झाल्या. पण त्यात खाऊ, वजनकाटा आणि लसीकरण आलं नि पाळणाघर मागं पडलं. अंगणवाडी दुपारीच बंद होते. आईचं काम दिवेलागणीपर्यंत चालतं. घरी जाऊन मदत करण्याचा धडाही याच राज्यानं दिला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्या घरोघरी जाऊ लागल्या आणि तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं ते निष्कर्ष छापले, आणि आशाताई आज बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात त्यांचा उगम तिथंच आहे.

कुणी म्हणेल, आपल्याकडे आजी असते, पाळणाघर कशाला? आजीची माया खरीच. पण साठी-पासष्टीच्या, गुडघे धरलेल्या बाईनं गोठा, शेत आणि धावतं नातवंड हे सगळं एकटीनं पाहावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. तिनं नातवाला गोष्टी सांगाव्यात. दिवसभराची राखण तिच्या गळ्यात मारू नये.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: सरकार घरात शिरलं की मूलच उचलून नेईल. ही भीती निराधार नाही. २०११ मध्ये नॉर्वेत एका भारतीय जोडप्याची मुलं बाल कल्याण खात्यानं ताब्यात घेतली, तेव्हा आपल्याकडे केवढा संताप उसळला होता. २०१९ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं एका दुसऱ्या प्रकरणात नॉर्वेला कुटुंबाचा हक्क डावलल्याबद्दल दोषी ठरवलं. नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या अनुदानात अफरातफर केल्याचा खोटा ठपका हजारो पालकांवर आला, कुटुंबं कर्जात बुडाली, आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारला राजीनामा द्यावा लागला. युरोपाकडून शिकायचं तर हेही शिकलं पाहिजे. मदतीला येणारी व्यक्ती तपासनीस होऊन आली की पालक दार लावून घेतात. ती गावातली, ओळखीची आणि सगळ्यांच्याच घरी जाणारी असेल, तर संशयाला फारशी जागा उरत नाही. आपल्या अंगणवाडी सेविका आणि आशाताई नेमक्या अशा आहेत. म्हणून त्यांना मानधनावर तंगवत ठेवणं मला अक्षम्य वाटतं. २०२३ च्या डिसेंबरात आपल्या राज्यातल्या सेविका संपावर गेल्या आणि तो संप पन्नासहून अधिक दिवस चालला. त्यांच्यावर आणखी काम टाकायचं तर पूर्ण वेतन द्यावं लागेल आणि दुपारनंतरच्या पाळणाघरासाठी दुसरी बाई नेमावी लागेल. फुकटात हे होणार नाही.

पैसे आणायचे कुठून? अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची तरतूद केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते नेमके कशावर जातात, हे विचारायचा हक्क प्रत्येक गावकऱ्याला आहे. काजू-आंब्याचा हंगाम फेब्रुवारीपासून मेपर्यंत चालतो. निदान त्या चार महिन्यांसाठी वाडीतली अंगणवाडी संध्याकाळपर्यंत उघडी ठेवायची असेल, तर तसा ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत व्हायला हवा. आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे, तेव्हा हा विषय पहिल्यांदा मांडायची जागा तीच.